बीटी सरकीची ढेप, दूध आणि मटण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ढोरांच्या खुराकाविषयी बोलायला मी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांत जातो. तिथे गोचीड आणि दगडी (कासेची सूज) या दोन विषयांच्या खालोखाल हमखास निघणारी गोष्ट म्हणजे कपाशी बीटी (अळी मारणारं जनुक घातलेली), म्हणून सरकी बीटी, म्हणून ढेप बीटी, मग आपण पोरांना पाजतो ते दूध कसलं? घरी परतल्यावरही फोन येत राहतात. तेच प्रश्न, विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, खाली घेतले आहेत. विचारणारे बहुतेक दोन-चार म्हशी सांभाळणारे आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे. म्हणून जिथे उत्तर गुंतागुंतीचं आहे तिथे ते तसंच ठेवलं आहे.

१. सरकीची ढेप खाणाऱ्या म्हशीच्या दुधात बीटी येतं का? थोडक्यात सांगा, भाऊ.

अळी मारणारं अख्खं जनुक दुधात येत नाही. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन महिनोन्‌महिने चाललेल्या चाचण्यांतही दुधात आढळलं नाही. मात्र कोणत्याही चाऱ्याच्या डीएनएचे अगदी बारीक तुकडे कधी कधी आतड्यातून रक्तात उतरतात. ज्वारीच्या कडब्याचे उतरतात, बांधावरच्या गवताचेही उतरतात. क्वचित एखाद्या चाचणीत नव्या जनुकाचा तुकडाही सापडला आहे. त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. आमच्याकडच्या ढेपेत बीटी असतंच का? दुकानदार तर काही सांगत नाही.

असतं, असंच धरून चाला. बीटी कपाशीला देशात पहिली परवानगी मार्च २००२ मध्ये मिळाली. तेव्हा तिच्यात क्राय-वन-एसी हे एकच जनुक होतं. २००६ मध्ये क्राय-टू-एबी हे दुसरं जनुक जोडलेलं वाण आलं, तेच आपण बीजी-टू म्हणून ओळखतो. आज देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी आहे. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी तेल गिरणीत जाते आणि तेल निघाल्यावर उरते ती ढेप. देशी कपाशीची सरकी वेगळी ठेवून कोणी घाणा चालवत असेल तरच बीटी नसलेली ढेप मिळेल.

एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. आपल्याकडची बीटी कपाशी संकरित आहे, त्यामुळे शेतात पिकलेल्या प्रत्येक सरकीत जनुक उतरत नाही. एका जनुकाचा हिशेब धरला तर चार सरक्यांतल्या साधारण तिघींत ते असतं, चौथीत नसतं. पोत्यातली ढेप म्हणजे या सगळ्यांचा मिसळलेला माल.

३. डीएनए, जनुक, बीटी प्रथिन हे सगळं एकच की वेगवेगळं?

वेगवेगळं आहे, आणि निम्मा घोळ इथेच होतो. जनुक म्हणजे भरीत कसं करायचं ते लिहिलेला कागद. प्रथिन म्हणजे त्या कागदावरून केलेलं भरीत. डीएनए म्हणजे असे हजारो कागद जोडलेली अख्खी वही. कागद चावून गिळला म्हणून तोंडाला भरताची चव लागत नाही. तसंच जनुक खाल्लं म्हणून म्हशीच्या अंगात बीटी प्रथिन तयार होत नाही.

वही प्रत्येक जिवंत पेशीत असते. मेथी, बाजरी, मटण, दही, जे जे आपण खातो त्यात डीएनए असतोच. कपाशीची वही सुमारे अडीच अब्ज अक्षरांची आहे आणि क्राय-वन-एसी जनुक साडेतीन हजार अक्षरांचं. म्हणजे सात लाख अक्षरांमागे एक अक्षर नवं. बीटी मक्यावरच्या दुभत्या गाईचा असाच हिशेब परदेशी संशोधकांनी मांडला होता. गाय दिवसाला सुमारे ६०० मिलिग्रॅम डीएनए खाते आणि त्यात नव्या जनुकाचा वाटा फक्त अडीच-पावणेतीन मायक्रोग्रॅम भरतो.

४. ढोराच्या पोटात गेल्यावर या डीएनएचं होतं काय?

त्याची मोडतोड पोटाच्या आधीच, तेल गिरणीत सुरू होते. एक्सपेलरमध्ये घालण्याआधी सरकी वाफेवर शिजवतात, मग दाबून तेल काढतात. नुसतं दळल्याने डीएनए फारसा तुटत नाही, पण नव्वद अंशांच्या वर वाफ लागली की त्याचे लहान लहान तुकडे पडतात. म्हणून ढेपेत अख्खी सरकी किंवा हिरव्या पाल्यापेक्षा मोडलेला डीएनए जास्त असतो.

भिजवलेली ढेप म्हशीने खाल्ली की ती आधी कोटीपोटात, म्हणजे पहिल्या पोटात जाते. तिथल्या जिवाणूंकडे डीएनए कापणारी विकरं असतात आणि तिथल्या रसात मोकळा सुटलेला डीएनए काही मिनिटांत तुटतो. जो अजून वनस्पतीच्या पेशीत बंद आहे तो जरा जास्त टिकतो. रवंथ करताना पेशी फुटल्या की त्याचीही पाळी येते. पुढे चौथ्या पोटात तीव्र आम्ल, सामू दोन-तीनच्या आसपास. त्यानंतर लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस.

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या या रसात डीएनए आणि आरएनए पचवणारी विकरं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्याला कारण आहे. कोटीपोटातले जिवाणू रोज लोंढ्याने खाली येतात, म्हैस तेही पचवते आणि त्या जिवाणूंत भरपूर डीएनए असतो. म्हणजे डीएनए पचवणं हा म्हशीचा रोजचाच उद्योग आहे. शेवटी त्याचे सुटे घटक होतात. काही शरीर वापरतं, बाकीचे अॅलँटॉइनच्या रूपात मुतातून बाहेर पडतात.

या सगळ्यातून निसटलेले थोडे तुकडे आतड्याच्या भिंतीतल्या संरक्षक पेशी उचलतात आणि तिथून ते रक्तात पोचू शकतात. हा मार्ग फक्त बीटीसाठी उघडत नाही. जनावर चारा खायला लागलं तेव्हापासून तो आहे.

५. काही शास्त्रज्ञांना दुधात आणि मांसात वनस्पतीचा डीएनए सापडला म्हणे. मग तुम्ही "येत नाही" कसं म्हणता?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. "काहीच सापडलेलं नाही" असं सांगून मोकळे होणाऱ्यांनीच लोकांचा विश्वास घालवला, असं माझं मत आहे. जे सापडलं ते क्रमाने सांगतो.

१९९०च्या दशकात जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात उंदरांना एका विषाणूचा शुद्ध डीएनए भरवला. त्याचे तुकडे काही तास रक्तात दिसले, यकृत आणि प्लीहेतही आढळले. यात जीएम (बाहेरचं जनुक घातलेलं) पीक नव्हतंच. पण खाल्लेला डीएनए सगळाच्या सगळा पचत नाही, हे पहिल्यांदा पक्कं झालं.

२००१ मध्ये जर्मनीतच बीटी मका खाणाऱ्या गाई आणि कोंबड्या तपासल्या. गाईंच्या पांढऱ्या रक्तपेशींत आणि कोंबड्यांच्या मांसात मक्याच्या हिरव्या पानातल्या डीएनएचे छोटे तुकडे मिळाले. बीटी जनुकाचा तुकडा मात्र मिळाला नाही. पुढची कित्येक वर्षं बहुतेक चाचण्यांचा निकाल असाच आला.

अपवादही आले. इटलीत २००५ मध्ये बीटी मका खाल्लेल्या डुकराच्या पिलांच्या रक्तात आणि यकृत, प्लीहा, मूत्रपिंड या अवयवांत बीटी जनुकाचा लहान तुकडा आढळला. अख्खं जनुक कुठेच नव्हतं. २०१० मध्ये इटलीतच जीएम सोयापेंड खाणाऱ्या शेळ्यांच्या दुधात आणि त्यांच्या करडांच्या अवयवांत नव्या डीएनएचे तुकडे मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. हे निष्कर्ष खोटे ठरवायला माझ्याकडे कारण नाही.

आता दुसरी बाजू. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने ३६ गाईंवर सलग २५ महिने चाचणी केली. निम्म्या गाई बीटी मक्यावर, निम्म्या साध्या मक्यावर. दुधात ना बीटी जनुकाचा तुकडा मिळाला, ना बीटी प्रथिन. आपल्याला जास्त जवळची चाचणी अर्जेंटिनातली, कारण तिथे थेट सरकीच होती. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात बीटी सरकी खाणाऱ्या होल्स्टीन गाईंच्या दुधात नव्या जनुकांचे तुकडे आढळले नाहीत आणि दुधाच्या घटकांतही फरक पडला नाही.

माझा निष्कर्ष असा की जीएम चाऱ्याचा डीएनए साध्या चाऱ्याच्या डीएनएसारखाच वागतो. कधी तुकडा दिसतो, बहुतेकदा दिसत नाही. दिसला तरी तो कागदाचा कपटा असतो, त्यावरून भरीत होत नाही.

६. हिरव्या पानाचा डीएनए सापडतो आणि बीटीचा नाही. लपवाछपवी तर नाही ना?

नाही, हा संख्येचा खेळ आहे. पानाच्या एका पेशीत हरितद्रव्याच्या कणांच्या डीएनएच्या हजारो प्रती असतात. बीटी जनुकाच्या एक किंवा दोन. मेळ्यात एकाच रंगाचे फेटे बांधलेली दहा हजार माणसं असतील तर त्यातलं कुणी तरी नजरेस पडणारच. एकच माणूस वेगळ्या फेट्याचा असेल तर तो दिसायला नशीब लागतं. तपासणी जितकी बारीक होत जाईल तितका तो एखाद्या वेळी दिसेल, आणि प्रश्न ५ मधल्या अपवादांचं हे एक कारण आहे. दुसरं कारण प्रश्न २० मध्ये आहे.

७. वर्षानुवर्षं ढेप खाऊन म्हैसच जीएम होईल का? तिचं पारडू?

नाही. त्यासाठी अख्खं जनुक शाबूत राहावं लागेल, ते पेशीच्या केंद्रकात शिरून म्हशीच्या डीएनएत नेमक्या जागी जोडलं जावं लागेल आणि तेही बीजांडाच्या किंवा शुक्राणूच्या पेशीत. कोलोनच्या संशोधकांनी गाभण उंदरिणींनाही तो डीएनए भरवून पाहिला. पोटातल्या पिलांच्या काही पेशींत तुकडे दिसले, पण पुढच्या पिढीत काही उतरलं नाही. आपण आणि आपली ढोरं हजारो वर्षं ज्वारी, गवत, हरभरा खात आलो. त्यातलं एकही जनुक आपल्यात रुजलं नाही.

८. त्या प्रथिनाने अळी मरते, मग म्हशीला काहीच कसं होत नाही?

अळीचं आतडं अल्कधर्मी असतं. तिथे हे प्रथिन उलगडतं आणि आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक कड्यांना जाऊन चिकटतं. मग भिंतीला भोकं पडतात. म्हशीचं चौथं पोट आम्ल, तिथे प्रथिन तुटतं. तिच्या आतड्यात त्या कड्याही नसतात. कुलूपच नाही तर किल्ली काय उघडणार? गुलाबी बोंडअळीने तर स्वतःचं कुलूपच बदलून घेतलं आहे. म्हणून २०१७ साली बीजी-टू कपाशीचीही बोंडं किडली, हे आपण सगळ्यांनी सोसलं.

९. हायब्रीड मका आणि टिश्यूकल्चर केळी पण जीएमच ना? आम्ही केळीची पानं आणि खोडं ढोरांना घालतो.

दोन्ही जीएम नाहीत. हायब्रीड म्हणजे दोन वाणांचा संकर. टिश्यूकल्चर म्हणजे एकाच झाडाच्या उतीपासून प्रयोगशाळेत वाढवलेली हुबेहूब रोपं, जनुकात काहीही घातलेलं नसतं. रावेर-यावलच्या ग्रँड नैन बागांबद्दल ही शंका मला वर्षातून दहा वेळा येते. भारतात व्यापारी लागवडीसाठी मंजूर होऊन शेतात असलेलं जीएम पीक एकच, कपाशी. मक्याचा मुरघास (आंबवून टिकवलेला हिरवा चारा) बिनधास्त करा, फक्त बुरशीकडे लक्ष द्या. ते प्रश्न १५ मध्ये येतंच आहे.

१०. नवापूरच्या कोंबड्यांना परदेशी जीएम सोयापेंड घालतात का? अंड्यात काही येतं का?

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयापेंडीचे भाव भडकले तेव्हा केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली होती. पेंड म्हणजे चिरडून तेल काढलेला माल, त्यातून रोप उगवणार नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. कोंबडीला कोटीपोट नसतं, त्यामुळे तिच्या मांसात पानाच्या डीएनएचे तुकडे गाईपेक्षा सहज सापडले आहेत. जर्मनीतल्या २००१ च्या त्याच चाचणीत (प्रश्न ५) बीटी जनुकाचा तुकडा मात्र ना कोंबडीच्या मांसात होता, ना अंड्यात.

११. सरकीच्या तेलाचं काय? आमच्या घरात तेच तेल आहे.

डीएनए आणि प्रथिन तेलात विरघळत नाहीत. रिफाइंड तेलात ते नाममात्रही उरत नाहीत.

१२. कपाशी वेचून झाल्यावर शेतात मेंढरं बसवतो. बीटी पाल्याने मेंढ्या मेल्याची बातमी होती, ती खरी का?

मेंढ्या मेल्या हे खरं. २००६ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या वारंगल भागातून ती बातमी आली आणि ठेलारी मेंढपाळ बांधवांच्या वाड्यांवर आजही तिची चर्चा होते. नमुने तपासले गेले तेव्हा सरकारी तज्ज्ञांनी बोट ठेवलं ते नायट्रेट-नायट्राइट, हायड्रोजन सायनाइड आणि फवारलेल्या औषधांच्या अंशावर. बीटी प्रथिनावर नाही. ज्यांची मेंढरं गेली त्यांचं या उत्तराने समाधान झालं नाही, आणि ते मी समजू शकतो. ज्याचा कळप गेला त्याला प्रयोगशाळेचा कागद पुरत नाही.

पण मेंढपाळाने करायचं काय, ते दोन्ही बाजूंनी एकच निघतं. शेवटची फवारणी कधी झाली, कोणत्या औषधाची, हे शेतमालकाला विचारल्याशिवाय कळप आत सोडू नका. फरदडीला (वेचणीनंतर राखलेल्या कपाशीला) तर उशिरापर्यंत फवारे चालतात. पाण्याच्या ताणावर सुकलेल्या आणि युरिया पडलेल्या पिकात नायट्रेट साठतं, तिथे उपाशी कळप थेट घुसवू नका, आधी कडबा खाऊ घाला. शेळी-मेंढी लाळ गाळू लागली, थरथरू लागली तर ते औषधाचं विष समजा आणि तासाभरात डॉक्टर गाठा.

१३. मटणात, विशेषतः कलेजीत, जास्त येत असेल ना?

तुकडे सापडले त्या चाचण्यांत यकृत आणि प्लीहेची नावं जास्त आहेत, कारण रक्तातला कचरा तेच गाळतात. म्हणून शंका बरोबर आहे. पण आपण कलेजी खातो तेव्हा शेळीचा स्वतःचा डीएनए कित्येक पटींनी जास्त खातो, आणि तोही पचवतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांत उरलेसुरले तुकडे आणखी बारीक होतात.

१४. पारडाचं कोटीपोट तयार झालेलं नसतं. त्याला ढेप घातली तर?

घालूच नका, पण कारण वेगळं आहे. सरकीत गॉसिपॉल नावाचं नैसर्गिक विष असतं, बीटी नसलेल्या सरकीतही. मोठ्या म्हशीचं कोटीपोट ते बांधून ठेवतं. लहान वासरा-पारडांत ती ताकद नसते आणि त्यांच्या हृदयावर, यकृतावर ते बसतं. कोंबड्यांना सरकीची पेंड घातली तर साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट पडतो, तोही गॉसिपॉलमुळेच. वळूला ढेपेचा मारा केला तर रेतावर परिणाम होतो. चार महिन्यांपर्यंत पारडांना शेंगदाणा किंवा सोयापेंडीचा खुराक बरा.

काही जण चिकाबद्दल विचारतात. जन्मल्यावर पहिला दिवसभर वासराचं आतडं मोठे रेणू आत घेतं, त्यातून आईची रोगप्रतिकारशक्ती मिळते. मग डीएनएचे तुकडेही जात असतील का? जातील. इटलीतल्या करडांत ते दिसलेच (प्रश्न ५). त्या भीतीने चीक तोडू नका. चीक न मिळालेली वासरं हगवणीने मरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१५. मग ढेपेतून दुधात काहीच उतरत नाही का?

उतरतं. इथे मी हात जोडून लक्ष मागतो, कारण बीटीच्या चर्चेत हे कायम मागे राहतं.

ओलसर ढेपेवर अॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. म्हशीने ते खाल्लं की यकृतात त्याचं एम-वन नावाचं रूप बनतं आणि ते सरळ दुधात येतं. खाल्लेल्या विषाचा साधारण एक ते तीन टक्के भाग, जास्त दूध देणाऱ्या जनावरात त्याहूनही जास्त. आज सकाळी बुरशीची ढेप घातली तर उद्याच्या धारेत ते असतं. ढेप बंद केली की तीन-चार दिवसांत जातं. दूध उकळून ते मरत नाही. दुधाचं पनीर केलं तर बराचसा भाग चोथ्याबरोबर पनीरमध्ये येतो. हे विष यकृताच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे, म्हणून सरकारने दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ या मर्यादेच्या वर निघाले. म्हणजे शंभरातले जवळजवळ सहा.

जनुकाचा एक तुकडा शोधायला शास्त्रज्ञांना वर्षं लागली, आणि हे विष शंभरातल्या सहा नमुन्यांत मर्यादेबाहेर सापडलं. गावात मात्र भीती पहिल्याची आहे.

आमच्याच खळ्यात एका पावसाळ्यात भिंतीला टेकवून रचलेल्या पोत्यांना ओल लागली. वरून पोती चांगली दिसत होती. सालदाराने खालचं पोतं उसवलं तेव्हा ढेपेचे हिरवट-काळे गठ्ठे निघाले. त्याआधीचे आठ दिवस आम्ही तीच थप्पी वापरत होतो आणि ते दूध घरात माझी नात पीत होती. तेव्हापासून पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. पावसाळ्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त ढेप भरायची नाही. भिजवायची ती त्याच वेळेपुरती. गठ्ठा निघाला तर गठ्ठा फोडून बाकीची वापरायची नाही, ते पोतं उकिरड्यावर. उन्हात वाळवल्याने बुरशी सुकते, विष तसंच राहतं. मुरघासाच्या कडेचा पांढरा-हिरवा थरही असाच काढून टाकायचा. बाजारात विष बांधून ठेवणारी मातीसारखी भुकटी मिळते, तिचा उपयोग होतो, पण प्रमाण डॉक्टरला विचारून.

१६. बीटीत अँटिबायोटिकला दाद न देणारं जनुकही घातलंय म्हणे. ते कोटीपोटातल्या जिवाणूंत गेलं तर?

पहिल्या बीटी कपाशीत अशी खुणेची जनुकं (नवं जनुक कोणत्या पेशीत गेलं ते ओळखण्यासाठीची) आहेत, त्यातलं एक कॅनामायसिनला दाद न देणारं. मेलेल्या वनस्पतीच्या पेशीतून जिवाणूने जनुक उचलून ते वापरात आणणं फार दुर्मीळ आहे. हेच जनुक मातीतल्या आणि आतड्यातल्या जिवाणूंत आधीपासून नैसर्गिकरीत्या आहे, म्हणून जिवाणूला ते मिळवायला कपाशीची गरज नाही. तरीही अशा खुणा नव्या पिकांत घालू नयेत, या मताचा मी आहे.

अँटिबायोटिकची चिंता असेल तर दगडी झाल्यावर सडात सोडलेल्या ट्यूबचं दूध किती दिवस डेअरीत घालायचं नाही, ते पाकिटावर वाचा. प्रश्न १५ मधल्या पाहणीतच ७७ नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश मर्यादेबाहेर होते.

१७. तणनाशक चालणाऱ्या चोरट्या कपाशीची सरकी ढेपेत आली तर?

या कपाशीला, म्हणजे एचटीबीटीला, भारतात मंजुरी नाही. तिची विक्री आणि लागवड पर्यावरण संरक्षण कायद्याखाली बेकायदेशीर आहे. तिच्या जनुकाचं पोटात जे होईल ते प्रश्न ४ मध्ये सांगितलं तसंच होईल. फरक तणनाशकाच्या अंशाचा आहे. उभ्या पिकावर ग्लायफोसेट मारलं की सरकीत किती उतरतं, याची मंजुरीच्या वेळी व्हायला हवी ती तपासणी इथे झालेलीच नाही. माझा आक्षेप जनुकाला नाही, या न झालेल्या तपासणीला आहे.

१८. हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या गाई-म्हशींवर कुणी पाहिलं का?

पाहिलं. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत दुभत्या गाईंना बीटी सरकी चारून दूध आणि रक्त तपासलं. पंतनगरच्या कृषी विद्यापीठात म्हशींवर चाचणी झाली. दूध, फॅट, तब्येत यात फरक दिसला नाही आणि बीटी प्रथिन दुधात आढळलं नाही. पण कर्नालची चाचणी काही आठवड्यांची होती. म्हैस आपल्या दावणीला दहा-बारा वर्षं असते, म्हणून म्युनिकसारखी दीर्घ चाचणी जाफराबादी किंवा मुऱ्हा म्हशींवर, सरकीच्याच ढेपेवर व्हायला हवी होती. धोका दिसतो म्हणून मी हे म्हणत नाही. ज्याच्या ताटात जातं त्याला पक्कं उत्तर मिळण्याचा हक्क आहे, म्हणून म्हणतो.

१९. मला सेंद्रिय दुधाचं प्रमाणपत्र हवंय. ढेप चालेल का? आणि शेणखत?

ढेप चालणार नाही. सेंद्रिय नियम चारा कसा पिकला हे बघतात, दुधात काय सापडलं हे नाही. जीएम पिकापासून केलेलं खाद्य सेंद्रिय गोठ्यात मना आहे, दूध तपासणीत सारखंच निघालं तरी. उलट युरोपात नेहमीच्या दुधावर जनावराने जीएम चारा खाल्ला असं लिहिण्याची सक्ती नाही, कारण तिथे दुधाला जीएम धरत नाहीत. जर्मनीत जीएम नसलेल्या चाऱ्यावरच्या दुधाला वेगळा शिक्का मात्र मिळतो. दोन नियम, दोन कसोट्या. तुम्ही प्रमाणपत्राच्या वाटेवर असाल तर शेंगदाणा, तीळ, जवस अशा पेंडींकडे वळा आणि पावत्या जपा.

शेणात बीटी प्रथिनाचे तुटके अंश आणि डीएनएचे तुकडे सापडतात. खत कुजताना ते मोडतात. बाहेरचं शेणखत घेताना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आधी लेखी विचारा.

२०. मनाच्या समाधानासाठी दुधाची बीटी तपासणी करून घेऊ का? कुठली तपासणी?

पीसीआर नावाची तपासणी आहे, ती डीएनएचा ठरावीक तुकडा शोधून त्याच्या कोट्यवधी प्रती काढते. इतकी संवेदनशील की गोठ्यात उडालेली ढेपेची धूळ बादलीत पडली तरी ती "सापडलं" म्हणेल. इटलीत बाजारातल्या दुधात जीएम डीएनए सापडला तेव्हा संशोधकांनी चाऱ्याची धूळ आणि शेणाचे कण हाच संशयित ठरवला होता. आपण धार काढताना गव्हाणीत ढेप टाकतो, म्हैस तोंड हलवते, शेपटी मारते. तो नमुना म्हशीच्या रक्ताबद्दल काय सांगणार? आणि "नाही सापडलं" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ इतकाच की यंत्राच्या मर्यादेखाली आहे.

तेच पैसे अफ्लाटॉक्सिन एम-वनच्या तपासणीला द्या. मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत ती होते. चार-सहा घरांनी मिळून दिली तर खर्च वाटला जातो. नमुना पावसाळ्याच्या अखेरीस, जुनी ढेप चालू असताना घ्या, स्वच्छ बाटलीत, बर्फावर ठेवून त्याच दिवशी पोचवा. निकाल ०.५ च्या वर आला तर त्या दिवशी चालू असलेल्या पोत्यातली मूठभर ढेपही तपासायला पाठवा आणि ते पोतं बाजूला काढून ठेवा.